सुकेपर्यंत हात लावू नये

सोमवार, ३ मार्च

आई,

वरती काय लिहायचं यावरच दोन कागद फाडले. साष्टांग नमस्कार लिहावा तर तुम्ही म्हणाल, घर सोडून गेली आणि आता पाया पडतेय. नुसतं ‘आई’ लिहावं तर तुमचा मुलगा म्हणेल, कुणाची आई? पण लग्न होऊन आल्यापासून मी तुम्हाला दुसरी हाक मारलेली नाही, आणि तुमची सून म्हणून माझं नाव अजून कुठल्या कोर्टानं खोडलेलं नाही. तेव्हा आईच.

फोन तुम्ही उचलत नाही. का, ते विचारत नाही. घरातला फोन कुणाच्या खिशात असतो ते मला ठाऊक आहे. पत्र मात्र पोस्टमन दुपारी आणतो आणि दुपारी घरी तुम्ही एकट्या असता. वाचा आणि चुलीत घाला, माझी काही हरकत नाही. पण वाचा.

बातमी अशी की कोर्टानं मला तीन शनिवार दिलेत. दुपारी मुंगीनं माझ्याकडे यायचं, जेवायचं, परत जायचं. कोर्टाच्या एक बाई सोबत बसणार आणि बघणार. पोर आईपाशी रमते का, जेवते का, आईचं घर घरासारखं आहे का. मग त्या जज्जसाहेबांना सांगणार की मुलीला आईकडे राहायला द्यावं की नाही. म्हणजे माझी मुलगी मला मिळणार का, हे तीन जेवणांवर ठरणार. लग्न ठरवतानासुद्धा लोक याहून जास्त वेळा येऊन बघतात.

खरं सांगते, ऐकल्यावर मला हसूच आलं. म्हटलं, माझा धंदाच तो! फर्निचरच्या शोरूममध्ये मी दिवसभर दुसरं काय करते? जेवणाची टेबलं मांडते. आमचे मॅनेजर म्हणतात, टेबल असं दिसलं पाहिजे की घरचे आत्ता हात धुवायला गेलेत, येतीलच. गिऱ्हाईक बघतं, सुस्कारा सोडतं आणि टेबल विकत घेतं. प्लेटा मात्र आमच्याकडेच राहतात, कारण त्या गमनं चिकटवलेल्या असतात. हे तुम्हाला मुंगीनं शंभरदा सांगितलं असेल. शाळा सुटली की ती शोरूममध्ये यायची. मी प्लेटच्या बुडाला गमचे ठिपके द्यायची, दाबायची, की बाईसाहेबांची ड्यूटी सुरू. हाताची घडी घालून खुर्चीत बसायचं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं, आणि मोठा काटा एक फेरी मारेपर्यंत प्लेटला कुणालाही हात लावू द्यायचा नाही. सोफा विभागातला काका मुद्दाम बोट पुढे करायचा, की ही किंचाळायची, "सुकेपर्यंत हात लावू नये!" तो तिला राखणदारीणबाई म्हणायचा.

एकदा मला विचारलं तिनं, "कशाला गं चिकटवतो आपण?" म्हटलं, म्हणजे कुणी उचलून नेत नाही, पाडत नाही, फोडत नाही. तर म्हणते कशी, "मग आपल्या घरी पण चिकटवू या ना." मी हसले. काय पोर आहे, म्हटलं.

आई, आता जे लिहिते ते तुम्हाला माहीतच आहे, पण कागदावर एकदा लिहू द्या. तुमच्या मुलानं प्लेट फेकली ती मुंगीच्या डोक्यावरून भिंतीला लागली. डाळ भिंतीवरून ओघळत होती. तुकडे तुम्ही ओल्या फडक्यानं टिपलेत, एक तिच्या केसात होता तोही. मी पायात चपला घातल्या तेव्हा तुम्ही दारात होतात. "जा, संध्याकाळपर्यंत डोकं शांत करून ये, पोरीला मी बघते," हे कोण म्हणालं होतं? संध्याकाळी आले तर कुलूप बदललेलं. आणि आता कोर्टात लिहून दिलंय की बाई पोरीला टाकून गेली. टाकून!

माझी एक खोली आहे, स्वयंपाकघर आहे, पुढे हातभर गॅलरी आहे. टेबल नव्हतं. मॅनेजरनी पाय खरवडलेलं एक दिलंय. खुर्च्या चार, चारही चार जातीच्या. एक मुंगीची, एक माझी, एक कोर्टाच्या बाईंची. चौथी तुमची.

हो, तुमची. इतकी वर्षं त्या घरात होते, तुम्हाला टेबलाशी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. सगळ्यांचं झालं की ओट्यापाशी उभ्यानं, पातेल्यातूनच. माझ्याकडे तुमची प्लेट मांडलेली असेल. मुंगीचा हात धरून तुम्हीच तिला घेऊन या. जेवा. आणि बाईंना एवढंच सांगा की प्लेट कुणी फेकली. माझी बाजू घेऊ नका, त्याला वाईट म्हणू नका. फक्त प्लेट कुणी फेकली, तेवढं.

तुमची सून


रविवार, ९ मार्च

आई,

तुम्ही आला नाहीत. तुमचा मुलगा खाली स्कूटरवर बसून राहिला आणि मुंगी एकटी जिना चढून आली. तिच्या वेणीला तुम्ही निळी रिबन बांधली होती, ती बघितली मी.

मी काय मूर्खपणा केला ते ऐका. सकाळपासून टेबल मांडत होते. पांढरी चादर कडक इस्त्री करून. नॅपकिनाचे पंखे. उंच ग्लास, मध्ये फुलं, प्लेटवर प्लेट, त्यावर वाटी. शोरूमच्या काचेत ठेवलं असतं तर चार गिऱ्हाइकं तरी उभी राहिली असती. मला वाटलं, बाई बघतच राहतील. बघत राहिल्या खऱ्या. मग म्हणाल्या, "मी तुमच्याकडचं काही खाऊ शकत नाही, नियम आहे. फक्त बसते." आणि नेमक्या तुमच्या खुर्चीवर बसल्या. मी म्हटलं, बाई, ती जागा दिलेली आहे. त्यांनी प्लेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गॅलरीच्या बाजूच्या खुर्चीत गेल्या. पहिल्याच घासाला खडा! वहीत काहीतरी टिपलं त्यांनी.

मुंगी टेबलाशी उभीच राहिली. बसेचना. म्हणाली, "किमतीची चिठ्ठी कुठंय?"

मी हसले. म्हटलं, अगं, हे आपलं आहे, बस. बसली तीही खुर्चीच्या टोकावर. "हात लावू?" म्हणून विचारलं. चमच्याला हात लावायला परवानगी मागतेय माझी पोर, माझ्याच घरात. मग प्लेट एका बाजूनं जरा उचलून खाली बघितलं. "चिकटवली नाहीस?"

"नाही गं राणी, जेवायचंय ना आपल्याला."

"मग कुणी फेकली तर?"

बाईंनी मान वर केली. "काय फेकतात?" असं त्यांनी विचारलं. मला की तिला, कळलं नाही. मुंगीनं माझ्याकडे बघितलं. आणि मी, आई, मी खरं सांगितलं नाही. वकिलानं बजावलंय की पोरीसमोर त्या घराबद्दल वावगा शब्द काढायचा नाही, नाहीतर आई मुलीचे कान भरते असं होतं. म्हणून मी म्हटलं, "इथे कोण फेकणार? जेव तू." चार घास खाल्ले तिनं. बटाटे तिच्या आवडीचे केले होते, तळून, बारीक काप. बाईंचंच लक्ष बटाट्यांवर जास्त होतं बिचाऱ्यांचं.

ती गेल्यावर त्या पंख्यांकडे बघून मला माझीच चीड आली. जिथे हात लावायची भीती वाटते ते काय जेवणाचं टेबल? दाखवायला मांडलं मी, आणि पोरीनं ते बरोबर ओळखलं.

पुढच्या शनिवारी या. हात जोडते. बाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही त्या खुर्चीवर असता तर एका वाक्यात काम झालं असतं.


रविवार, १६ मार्च

आई, आई, आई,

आधी चमच्याबद्दल. तुम्ही मुंगीचा छोटा चमचा पाठवलात, दांड्यावर बदक असलेला. दप्तराच्या आतल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळून. त्यानं पाठवला नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. मग विचार केला, रडतेस काय, बाहेर बाई बसल्यात! तोंड धुऊन आले.

या वेळी मी सगळं मोडून टाकलं. चादर काढली, साधं प्लॅस्टिक अंथरलं. फुलं काढली, कारण फुलांच्या आडून पोरीचं तोंडच दिसत नव्हतं. ग्लास ठेंगणे, सहज कलंडणार नाहीत असे. प्लेटा रोजच्या. सगळं जेवण मध्ये एकाच मोठ्या भांड्यात, ज्याला हवं त्यानं वाढून घ्यावं, शेजारच्याला वाढावं. मुंगीच्या खुर्चीवर उशी, म्हणजे कोपरं टेबलावर टेकतात. खुर्च्या इतक्या जवळ ओढल्या की माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागत होता. शोरूममध्ये हे असं मांडलं तर मॅनेजर मला घरी पाठवतील. पण पोर आली, बघितलं आणि सरळ उशीवर चढून बसली. बदकाचा चमचा दप्तरातून काढून ठक्कन ठेवला. "आजीची प्लेट पण आहे?" म्हणाली. म्हटलं, आहे तर. "ती येणारे?" म्हटलं, येईल.

आणि मग तिच्या हातून सूप सांडलं.

आई, तुम्ही हे बघायला हवं होतंत. नको, नको होतं बघायला. सूप सांडल्याबरोबर पोरीनं दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि टेबलाखाली वाकली. बाईंचं पेन थांबलं. मला काय सुचलं देव जाणे, मी माझी वाटी उचलली आणि सरळ उपडी केली. "अगंबाई, माझंही सांडलं!" सूप थेट बाईंच्या चपलांपर्यंत. बाईंनी पाय वर घेतले, असे, लहान मुलीसारखे खुर्चीवर. टेबलाखालून आधी एक डोळा आला. मग हसू. मग तिघी हसत सुटलो. बाईसुद्धा! फडक्यानं पुसायला मुंगी आणि मी दोघी जमिनीवर, आणि ती माझ्या कानात म्हणते, "तू मुद्दाम सांडलंस." म्हटलं, गप, सांगू नको कुणाला.

दोनदा मागून घेतलं तिनं. दोनदा! जाताना पायरीवर बसून सँडलचं बक्कल लावता लावता विचारत होती, "आई, गमची ट्यूब अजून तुझ्या पर्समध्ये असते?" म्हटलं, असणारच, नोकरी आहे बाई माझी. "मोठा काटा एक फेरी ना?" म्हणाली. म्हटलं, एक फेरी. किती लक्षात आहे बघा तिच्या.

बाई निघताना दारात थांबल्या. म्हणाल्या, "आज बरं वाटलं." एवढंच, पण मला आभाळ ठेंगणं झालं. आता एकच शनिवार राहिला. तो असाच गेला की झालं. मी तिच्यासाठी खिडकीशी पलंगाची जागा मोजून ठेवली आहे.

तुम्ही या. आता तर भीतीही नाही, नुसतं जेवायला या.


रविवार, २३ मार्च

आई,

काय शिकवून पाठवलंत तुम्ही तिला?

मी विचारतेय. चमचा पाठवून मला भुलवलंत आणि मग पोरीला पढवून पाठवलंत. तुम्ही नाही तर त्यानं, पण तुमच्या डोळ्यांदेखत. नाहीतर गेल्या शनिवारी दोनदा मागून खाणारी पोर काल एका घासालाही हात लावत नाही? एका घासाला नाही!

आली तेव्हा चांगली होती. मी तिघींच्या प्लेटा मांडल्या, तुमची धरून. माझ्या प्लेटचा टवका उडालेला दिसला म्हणून ती घेऊन स्वयंपाकघरात गेले, सूप गरम होत होतं तेही बघितलं. तेवढ्यात बाईंचा फोन वाजला, त्या गॅलरीत गेल्या. मी बाहेर आले तर पोर आपल्या जागी, आणि खुर्चीवर उघडी पडलेली माझी पर्स नीट बंद करून ठेवलेली. म्हटलं, किती शहाणी झाली. तिच्या प्लेटमध्ये वाढलं. बटाटे, अंडं, सगळं.

हाताची घडी घालून बसली ती. जेव म्हटलं, मान हलवली. भरवू का, नाही. पोट दुखतंय का, नाही. माझ्याकडे बघेना. सारखी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. प्रत्येक वेळी ती घड्याळाकडे बघे आणि बाई वहीत टिपत. मला बाईंचं पेन ऐकू येत होतं. अंडं गार झालं, सुपावर साय धरली. मी हसून बघितलं, गोष्ट सांगून बघितली, बदकाला बोलतं केलं. नाही म्हणजे नाही.

शेवटी माझं टाळकं सरकलं. मी टेबलावर हात आपटला आणि ओरडले, "जेव म्हणते ना!" आणि तिची प्लेट माझ्याकडे ओढायला गेले, भरवावं म्हणून. तशी तिनं दोन्ही पंजे प्लेटवर दाबले आणि भोकाड पसरलं. "नको! हात लावू नको! थांब ना!" सगळं अंगावर सांडून घेतलं पण प्लेट सोडली नाही. मी हात मागे घेतला. माझा हात बघून तिनं डोळे मिटले होते, आई. माझा हात बघून. जसे त्याचा बघून मिटते.

खाली हॉर्न वाजला. बाईंनीच तिचं तोंड पुसलं. जिन्यावरून ती वळून वळून टेबलाकडे बघत गेली, माझ्याकडे नाही.

मी काही आवरलेलं नाही. जसं आहे तसं पडलंय. दिवसभर लोकांची टेबलं पुसणारी बाई मी, आणि मला ती प्लेट बघवत नाही. तुम्हाला हेच हवं होतं ना? मिळालं. तुमची खुर्चीही तशीच रिकामी आहे. आता तुम्ही आलात तरी मी दार उघडणार नाही.


शुक्रवार, २८ मार्च

आई,

निकाल तुम्हाला कळलाच असेल, पण माझ्याकडून ऐका. बाईंचं म्हणणं वकिलानं वाचून दाखवलं. मूल आईच्या घरी अवघडून बसतं. अन्नाला हात लावत नाही. घर सोडून जाण्यासाठी सारखं घड्याळाकडे बघतं. आईनं आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. आई जवळ येताच मूल रडून प्रतिकार करतं. सगळं खरं आहे. एक अक्षर खोटं नाही. दुसऱ्या शनिवारचं सूपही लिहिलंय, ‘एकदा हसताना दिसली’ म्हणून.

मुलगी बापाकडे. भेटी तूर्त बंद. आणि त्याची बदली मंजूर झाली, म्हणजे तुम्ही तिघं या गावातूनच जाणार. भरल्या ताटावरून उठवणं म्हणतात ते काय असतं ते मला आज समजलं.

गेल्या पत्रात मी तुम्हाला नाही नाही ते लिहिलं. परत घेत नाही, अजून राग आहे. पण जाण्याआधी एकदा तिला खिडकीत तरी उभी करा. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन, हाक मारणार नाही.

शोरूममध्ये आज सहाजणांचं टेबल मांडायचं होतं. मला जमेना. प्लेट धरून उभी राहिले नुसती. सोफ्यावाल्या काकानं हातातून काढून घेतली आणि म्हणाला, "घरी जा ताई." घरी कुठे जायचं?


रविवार, ३० मार्च

आई,

हे पत्र तुम्हाला कधी मिळेल माहीत नाही. काल धावत तुमच्या दारापर्यंत आले तर कुलूप. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, सकाळीच सामान गेलं. नवा पत्ता त्यांना सांगितलेला नाही, पण तुम्ही फोन करीन म्हणालात म्हणे. त्यांच्याकडे ठेवून देते. नीट सावकाश वाचा, कारण मला पुन्हा लिहायचं बळ राहील असं वाटत नाही.

काल घरमालकीण वर आली. वास येतोय म्हणाली, आणि खरंच येत होता. एक आठवडा मी त्या टेबलाकडे पाठ करून झोपत होते. ती उभी राहिली म्हणून उठले, बादली आणली. माझी प्लेट उचलली. ग्लास उचलले. मुंगीची प्लेट उचलायला गेले.

उचलेना.

मला वाटलं, वाळलेल्या सुपानं धरली असेल. जोर लावला तर सगळं टेबल हललं. मग मी खाली वाकून कडेनं बघितलं. आई, बुडाला चार ठिपके होते. चार बाजूंना, मी देते तसे. एक ठिपका बाहेर ओघळला होता, त्यावर तिच्या बोटाचा ठसा होता.

मी खाली बसले. घरमालकीण म्हणत होती, काय झालं, काय झालं. मी काय सांगू तिला?

बाई गॅलरीत होत्या, मी सुपापाशी होते, तेवढ्यात पोरीनं माझ्या पर्समधून ट्यूब काढली, प्लेट चिकटवली, ट्यूब जागच्या जागी ठेवली आणि पर्ससुद्धा बंद केली. आणि मग ती बसली. हाताची घडी घालून, घड्याळाकडे बघत, मोठा काटा फेरी मारायची वाट बघत. मीच शिकवलं होतं तसं. वरून मी वाढलं, तरी ती जेवेना, कारण गम ओला होता. हात लावू नको म्हणत होती. थांब ना म्हणत होती. सगळं बोलली ती, आई. मी तिची आई, राखणदारीचं काम तिला दिलं ते मी, आणि मला कळलं नाही. अजून जरा वेळ हॉर्न वाजला नसता, मी हात आपटला नसता, तर फेरी पुरी झाली असती आणि तिनं बदकाचा चमचा उचलून सगळं संपवलं असतं. तिला काय वाटलं असेल? आता ही प्लेट कुणाला फेकता येणार नाही. आता या घरात जेवता येईल.

मी कोर्टाच्या बाईंना फोन केला. सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी जे दिसलं ते लिहिलं हो. प्लेटखाली मी बघितलं नाही." वरच्या कोर्टात अर्ज करता येतो म्हणाल्या, पण त्याला वेळ लागतो, आणि चिकटलेली प्लेट म्हणजे साक्ष नव्हे. साक्ष माणसाची लागते. प्लेट का चिकटवावीशी वाटली, हे त्या घरातल्या कुणीतरी सांगावं लागतं. कोण सांगणार, ते मी त्यांना बोलले नाही. तुम्हाला पूर्वी तीनदा विचारून झालंय. आता विचारत नाही. तुम्हाला त्याच छपराखाली राहायचं आहे, आणि तुम्ही सोडून तिथे मुंगीच्या केसातले तुकडे काढायला दुसरं कुणी नाही. हे मला उशिरा समजलं.

मी तुम्हाला म्हटलं की तुम्ही तिला पढवून पाठवलंत. आई, ते परत घेते. त्या शब्दाची चव माझ्या जिभेवरून जात नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. मुंगीची प्लेट निघाली नाही म्हणून मी तुमची उचलायला गेले. तीही निघेना. तुमच्या प्लेटलाही चार ठिपके. तुम्ही कधी येऊन बसला नाहीत त्या जागेवर, तरी तिनं तुमची प्लेट पक्की करून ठेवली. माझी तेवढी राहिली. ती मी टवका उडाला म्हणून स्वयंपाकघरात नेली होती.

टेबल मॅनेजरना परत द्यायचं आहे. ते म्हणाले, काढून टाक की, तुला काय अवघड आहे? अवघड काहीच नाही, महिन्याच्या महिन्याला काढते. पण या प्लेटा मी काढलेल्या नाहीत. काढणारही नाही. टेबलाचे पैसे कापून घ्या म्हटलं.

आता तुमच्याकडे एक मागणं. कोर्टाचं नाही, साक्षीचं नाही. तिकडे नव्या घरात कधी तुम्ही प्लेट उचलायला गेलात आणि ती उचलली नाही, तर तिला ओरडू नका. तिच्या बापाच्या कानावर जाऊ देऊ नका. गरम पाण्यात फडकं पिळून कडेनं धरायचं, मग शिवणाचा दोरा बुडाखालून ओढायचा, अलगद निघते. पण लगेच काढू नका. आधी ओट्यापासून बाहेर या, तिच्या शेजारची खुर्ची ओढा आणि बसा. हाताची घडी घाला. मोठा काटा एक फेरी मारेपर्यंत तिच्याजवळ बसून राहा.

तुमची सून